साहेबाचे ओटे आणि पितळी भिंग

१६ फेब्रुवारी १९८० च्या दुपारी मी नऊ वर्षांचा होतो आणि माजघरात कोंडलेला होतो. खग्रास ग्रहणाचा पट्टा कारवार-अंकोल्यावरून हुबळी, रायचूरकडे निघाला होता. राजापूर त्या पट्ट्याच्या उत्तरेला पडते, त्यामुळे आमच्याकडे सूर्य पुरता झाकला जाणार नव्हता. पण ग्रहण ते ग्रहण. पाण्याच्या हंड्यांत तुळशीची पाने पडली होती, ओटीचे दार लोटलेले होते आणि आजीने बजावले होते, "सुटेपर्यंत उंबऱ्याबाहेर पाय टाकशील तर बघ."

बाहेर जायची गरजच पडली नाही. आमच्या माजघरावर नळ्याची जुनी कौले होती आणि त्यांच्या फटींतून उन्हे कलल्यावर सारवलेल्या जमिनीवर रोज दहा-बारा कवडसे पडत. ते नेहमी गोल असत. त्या दिवशी मात्र सगळेच्या सगळे कवडसे कोरीसारखे झाले, तीजेचे दहा-बारा चंद्र एका दिशेला तोंड करून शेणाच्या सारवणावर मांडल्यासारखे. मी वहीचा कागद त्यांतल्या एकाखाली धरला. कागद वर उचलला की कोर लहान आणि ठळक, खाली नेला की मोठी आणि फिकट. पुढे बी.एस्सी.ला गेल्यावर कळले की फट वेडीवाकडी असली तरी कवडसा गोल का पडतो: तो फटीचा आकार नसतो, ती सूर्याची प्रतिमा असते. म्हणजे रोज माझ्या डोळ्यांदेखत आमचे माजघर सूर्याचे फोटो काढत होते आणि ते कळायला ग्रहण लागावे लागले. मी वापरलेला पहिला कॅमेरा तो. त्यानंतरचे सगळे त्याच्यापेक्षा लहान होते.

दुसरा कॅमेरा मुंबईच्या काकांनी गणपतीला येताना आणलेला आग्फा क्लिक थ्री. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो, पाठीमागे आकडा पाहायला तांबडी खिडकी, आणि निवड करायची ती ऊन की ढग एवढीच. कोकणात जून ते सप्टेंबर ती खटकी ढगावरून हलत नसे. तिसरा, घरच्याच एका ट्रंकेत सापडलेला घडीचा कॅमेरा. त्याचा कातडी भाता दमटपणाने घड्यांवर चिरला होता. अंधाऱ्या खोलीत आत बॅटरी लावून पाहिले तर नक्षत्रे दिसावीत तशी भोके दिसली. ती काळ्या चिकटपट्टीने बुजवून मी त्यावर वर्षभर फोटो काढले. अंतर डोळ्यांनी फुटांत मोजायचे आणि भिंगाभोवतीच्या कड्यावर लावायचे. दोन फुटांची चूक झाली की माणूस धूसर आणि मागचा माड स्वच्छ.

चौथी वस्तू कॅमेरा नव्हे, नुसते भिंग. अर्जुना आणि कोदवली या दोन नद्यांच्या कुशीत वसलेली आमची बाजारपेठ पावसाळ्यात पाण्याखाली जाते, हे राजापूरकराला सांगायला नको. अशाच एका पुरानंतर भंगारवाल्याच्या ढिगात मला पितळेची एक जाडजूड नळी दिसली. दोन्ही टोकांना काच, अंगावर हिरवा कळंक, कोरलेले नाव घासून गेलेले. त्याने ती पितळेच्या भावाने तोलून दिली. घरी आणून उघडली तेव्हा ओळख पटली: चार काचांची, पुढे जोडभिंग आणि मागे दोन सुटी भिंगे, म्हणजे योझेफ पेट्झव्हाल या गणितज्ञाने १८४० साली मांडलेली रचना. व्यक्तिचित्रांसाठी जगभरच्या स्टुडिओंनी पुढची पन्नास-साठ वर्षे हीच वापरली. मध्यभागी कमालीची सुस्पष्ट आणि कडांना उजेड गरगर फिरवल्यासारखी, अशी तिची सही असते. असल्या भिंगाला झडप नसते. तोंडावर टोपण असते. ते काढायचे, तोंडाने सेकंद मोजायचे आणि परत लावायचे.

बुरशीबद्दल इथे दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण कोकणात जुनी भिंगे सांभाळणे म्हणजे अर्धे बुरशीशी भांडण आहे. भिंगावर आधी कोळ्याच्या जाळ्यासारखी एक तार दिसते. दुर्लक्ष केले तर ती पसरते आणि तिच्यातून सुटणारे आम्ल काचेवर कायमचा ओरखडा उठवते. जोडभिंगातल्या दोन काचा ज्या कॅनडा बाल्समने चिकटवलेल्या असतात, तो डिंकही वयाने पिवळा पडतो, कडेने सुटतो. माझा उपाय सगळ्यांचाच होता: लाकडी कपाटात चाळीस वॉटचा बल्ब जळत ठेवायचा. पुढे एलईडी आले. घरच्यांनी बिल वाचवण्यासाठी कपाटातलाही बल्ब बदलला, उजेड तेवढाच राहिला, ऊब गेली, आणि एका श्रावणात तीन भिंगांवर जाळी धरली. पितळी भिंग त्यातून वाचले ते मी ते तांदळाच्या डब्यात ठेवत असे म्हणून. दिवाळी अंकाच्या वाचकाला हे घरगुती तपशील कशाला, असे कोणी म्हणेल. पण या लेखातला पुढचा शोध या नळीमुळेच लागला.

मी अठ्ठावीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. त्यांतली निदान वीस वर्षे दर ऑगस्टमध्ये मी वर्गाला एक गोष्ट सांगत असे: १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकयर हा इंग्रज शास्त्रज्ञ आपल्या शेजारच्या विजयदुर्ग किल्ल्यावर आला, तिथे बांधलेल्या ओट्यांवर त्याने दुर्बिणी मांडल्या, खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियमचा शोध लावला. ते ओटे आजही किल्ल्यावर आहेत. कोणी त्यांना साहेबाचे ओटे म्हणते, कोणी साहेबाचे कट्टे. गेली काही वर्षे १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. ही गोष्ट मी वर्तमानपत्रांत वाचली होती, व्याख्यानांत ऐकली होती आणि फळ्यावर लिहिली होती. मग एका वर्षी नववीतल्या एका मुलीने, बाहेर धो धो पाऊस चालू असताना, हात वर करून विचारले, "सर, पण ऑगस्टात आपल्याकडे ऊन कुठे असतं?"

मी तिला जे उत्तर दिले ते आठवले की आजही कान गरम होतात. म्हणालो, "त्या दिवशी ढग फाटले असतील."

१८ ऑगस्ट १८६८ म्हणजे श्रावण अमावास्या, पिठोरी. पिठोरीला राजापूर-विजयदुर्गच्या किनाऱ्यावर निरभ्र आकाशाची खात्री कोण देईल? हजारो मैलांवरून नाजूक यंत्रे घेऊन निघालेला कोणता शहाणा माणूस त्या दिवसासाठी कोकणचा किल्ला निवडेल? खलाशीसुद्धा नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात घालत नाही. मुलीचा प्रश्न साधा होता आणि त्यापुढे माझी गोष्ट टिकत नव्हती. त्यानंतर मी जे वाचले त्यातून जे चित्र निघाले ते असे.

१८६८ च्या ग्रहणाचा पट्टा आपल्याच किनाऱ्यावरून देशात शिरला होता, इतके खरे. पण निरीक्षकांनी तळ टाकले ते घाटापलीकडे. लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीला होता, कॅप्टन हेग विजापूरला, मेजर टेनंट आणि फ्रेंच शास्त्रज्ञ झान्सेन गुंटूरला, मद्रास वेधशाळेचा पॉग्सन मछलीपट्टणला. घाटापलीकडे असूनही जमखंडीला ढगांनी हर्शेलला सतावले. मग किनाऱ्यावर काय झाले असते? सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वाला वायूच्या आहेत, त्यांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा आहेत, हे त्या दिवशी या मंडळींनी पाहिले. त्यांत एक पिवळी रेषा होती. बहुतेकांना ती सोडियमचीच, म्हणजे मिठातल्या धातूची वाटली. झान्सेनच्या लक्षात आले की या रेषा इतक्या ठळक आहेत की ग्रहण नसतानाही दिसाव्यात, आणि दुसऱ्याच दिवशी त्याने त्या पाहिल्याही.

आणि लॉकयर? लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. तो वॉर ऑफिसात कारकून होता. दिवसा फायली आणि उरलेल्या वेळी घरच्या बागेतली सव्वासहा इंची कुकची दुर्बीण, असा त्याचा क्रम. आपल्याकडे ज्याला हौशी म्हणतात तसा हा गृहस्थ होता. ग्रहणाशिवाय ज्वाला पाहता येतील हे त्याच्याही मनात दोन वर्षे घोळत होते, पण हवा तसा वर्णपटदर्शक बनून हाती यायलाच उशीर झाला. २० ऑक्टोबर १८६८ रोजी, म्हणजे आपल्या पिठोरीनंतर दोन महिन्यांनी, त्याने लंडनमध्ये बसून त्या रेषा पाहिल्या. झान्सेनचे पत्र हिंदुस्थानातून आणि लॉकयरची बातमी लंडनहून पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोहोचली, हा योगायोग इतका गोड होता की फ्रेंच सरकारने पुढे दोघांचे मुखवटे एका पदकावर कोरले. पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषेच्या शेजारी आहे, तिच्यावर नाही, हे लॉकयरने नेमके मोजले. ती पृथ्वीवर न सापडलेल्या मूलद्रव्याची असावी असे म्हणण्याचे धाडस करून त्याने ग्रीक सूर्यावरून हेलियम हे नावही दिले. पुष्कळांनी ते हसण्यावारी नेले. १८९५ साली विल्यम रॅम्झी यांना क्लेव्हाइट या खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा दिसली, तेव्हा सत्तावीस वर्षांचे हसणे थांबले.

तर हेलियम विजयदुर्गावर सापडला नाही. मग ओटे?

ओटे खरे आहेत. लॉकयरही खरा आहे. चुकीचे आहे ते साल. लॉकयर ग्रहणासाठी हिंदुस्थानात पहिल्यांदा आला तो १२ डिसेंबर १८७१ च्या ग्रहणाला, आणि तेव्हाही त्याने समुद्रावरचा किल्लाच निवडला होता: कासारगोडजवळचा बेकल. विजयदुर्गावर तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. पौष अमावास्या, वार शनिवार, कोकणचे आकाश पुसून ठेवल्यासारखे असते ते दिवस. आठवड्याने आमच्या तालुक्यातल्या कशेळीच्या कनकादित्याची रथसप्तमी होती. १८६८ चे ग्रहण, १८६८ चा शोध, लॉकयरचे नाव आणि १८९८ चे ओटे, या चार खऱ्या वस्तू लोकांच्या आठवणीत एका गाठोड्यात बांधल्या गेल्या आणि गाठोड्यावर एकच तारीख पडली. यात कोणाची लबाडी नाही. मी स्वतः ते गाठोडे वीस वर्षे वाहिले आहे.

पण १८९८ ला जे घडले ते कमी नव्हते. माझ्या पितळी नळीचा संबंध इथे येतो.

१८६८ आणि १८९८ यांच्यामध्ये छायाचित्रणात एक उलथापालथ झाली होती. आधीच्या काळी काच ओली असे. काचेवर कोलोडियन ओतायचे, ती अंधारात चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुवायची. आपल्या उन्हाळ्यात त्याला मिनिटे किती मिळत असतील ते कोणीही ताडावे. गुंटूरला टेनंटने आणि बेकलला लॉर्ड लिंडसेचा छायाचित्रकार डेव्हिस याने फोटो काढले ते या पद्धतीने. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या डॉक्टराने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि १८८० च्या सुमारास तशा काचा पेट्यांतून विकत मिळू लागल्या. १८९८ च्या निरीक्षकाला तंबूत रसायने ढवळायची नव्हती. भरलेल्या काचा तयार होत्या, हाताशी होत्या, एकामागून एक सरकवायच्या होत्या. जेमतेम दोन मिनिटांच्या काळोखात याचा अर्थ फार मोठा होता.

दुसरी गोष्ट रंगाची. साधी छायाचित्रणाची काच निळ्या-जांभळ्या उजेडाला जागी असते आणि पिवळ्या-तांबड्याला आंधळी. १८७३ साली हेर्मान फोगेल यांनी काचेच्या लेपात रंगद्रव्य मिसळून तिला हिरवे-पिवळे दाखवण्याची युक्ती काढली. म्हणजे १८६८ साली ती पिवळी रेषा फोटोत उतरणेच अवघड होते. हेलियम सापडला तो डोळ्याला.

हे मी पुस्तकात वाचून समजलो नव्हतो. त्यासाठी फणसाच्या फळ्यांची पेटी लागली. गावच्या सुताराकडून मी एकात एक सरकणाऱ्या दोन पेट्या करून घेतल्या, पुढे पितळी भिंग, मागे दुधी काच. फिल्म एवढ्या मापाची परवडेना म्हणून फोटो छापायचा कागदच फिल्मच्या जागी घातला. तो कागदही जुन्या काचेसारखाच निळ्याला जागा आणि तांबड्याला आंधळा. म्हणून तर तांबड्या दिव्यात धुता येतो. पहिला फोटो आमच्या घरापुढच्या गडग्याचा. जांभा दगडाचा तो तांबडा गडगा कागदावर कोळशासारखा काळा आला आणि निळे आकाश कोरे करकरीत. माझ्या धाकट्या बहिणीने विचारले, "दादा, गडगा जळला कधी?"

कागद धुण्याचेही सांगतो. एप्रिलात आमच्या नळाचे पाणी तीस अंशांच्या वर असते, आणि गरम पाण्यात जिलेटिन फुगून सुटू लागते. मग साखरीनाट्याच्या बंदरावरून मासळीचा बर्फ आणायचा आणि तबकाखाली ठेवायचा. माझ्या पहिल्या वर्षीच्या फोटोंना बांगड्याचा वास होता.

आता लॉकयरने विजयदुर्गावर आणलेली यंत्रे. त्यांत मुख्य होते प्रिझमवाले कॅमेरे, एक सहा इंची आणि एक नऊ इंची. त्यांची युक्ती सोपी आहे. नेहमीच्या वर्णपटदर्शकात उजेड आधी एका बारीक फटीतून नेतात, म्हणून रेषा दिसतात. रेषा म्हणजे त्या फटीची प्रतिमा. ग्रहणाच्या ऐन क्षणी मात्र चंद्राच्या कडेबाहेर सूर्याच्या वातावरणाची एवढी पातळ कोर उरते की तीच फटीचे काम करते. तेव्हा भिंगापुढे नुसता त्रिकोणी लोलक धरला की प्रत्येक रंगाची एक वेगळी कोर काचेवर उमटते. माजघरातल्या माझ्या कोरी एकाच रंगाच्या होत्या. त्याच्या काचेवर एकाशेजारी एक कित्येक कोरी, हायड्रोजनची, कॅल्शियमची, हेलियमची.

वर्गात मी हे करून दाखवले आहे. प्रयोगशाळेतला लोलक पितळी भिंगापुढे लावला, समोर स्पिरिटचा दिवा ठेवला आणि काळा पडदा टाकला. ज्योत जवळपास अदृश्य होती. मग वातीवर चिमूटभर मीठ टाकले, आणि दुधी काचेवर एक अख्खी पिवळी ज्योत, कडा शाबूत, उलटी उभी राहिली. मुले ओरडली. सोडियमचा तो पिवळा रंग ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा. हेलियमची रेषा ५८७.६ वर. एवढ्याशा अंतरावरून लॉकयरने सबंध नव्या मूलद्रव्याचा दावा केला होता, हे त्या दिवशी मुलांना मी प्रथमच नीट सांगितले, आणि तारीखही दुरुस्त केली.

१८९८ ला लॉकयर ६१ वर्षांचा होता, सर झालेला होता आणि एक हिशेब चुकता करायला आला होता. १८९६ च्या ग्रहणासाठी तो नॉर्वेच्या उत्तर टोकाला सगळे सामान घेऊन गेला आणि ढगांनी त्याला काहीच दिसू दिले नाही. त्याच ग्रहणात त्याच्याच पद्धतीने काम करणाऱ्या शॅकल्टन नावाच्या तरुणाने नोव्हाया झेम्ल्या बेटावरून त्या क्षणिक कोरींचा पहिला फोटो मिळवला. म्हाताऱ्याला काय वाटले असेल! तेव्हा विजयदुर्गाची निवड पाहा: पट्टा किनाऱ्याला लागतो ती जागा, जानेवारीचे कोरडे आकाश, आणि वाघोटणच्या खाडीत आरमारी जहाज उभे राहू शकेल असे खोल, आडोशाचे बंदर. ज्या बंदराने आंग्र्यांची गलबते राखली, त्यात इंग्रजांची मेल्पोमेनी ही युद्धनौका उभी राहिली आणि तिचे कप्तान, अधिकारी आणि खलाशी या कामाला जुंपले गेले. लॉकयरबरोबर आल्फ्रेड फाउलर होता, लॉकयरचा मुलगा होता आणि कलकत्त्याचे प्राध्यापक पेडलर होते. तोफा चालवणाऱ्या खलाशांना प्रभामंडळाची चित्रे काढायला, घड्याळ वाचायला, काचा सरकवायला शिकवले गेले. त्या काळच्या ग्रहण-तळांवर उरलेले सेकंद मोठ्याने पुकारायला एक माणूस नेमण्याची रीत होती. टोपण काढून तोंडाने आकडे मोजणाऱ्याला या रीतीचे मोल लगेच कळते. घाबरलेला माणूस भराभर मोजतो. गडग्याच्या फोटोला मी मोजलेले चार सेकंद घड्याळात अडीच भरत.

आकाश निरभ्र राहिले. काचा उमटल्या. लॉकयर, कप्तान चिशोल्म-बॅटन आणि पेडलर यांच्या नावाने विजयदुर्गाचा अहवाल लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला, आणि त्या वर्णपटांवरून सूर्याच्या वातावरणात धातूंच्या कोणत्या रेषा बळावतात यावर पुढे बरीच वर्षे वाद झाला. मुंबई इलाख्यात तेव्हा प्लेग होता, टिळक राजद्रोहाच्या शिक्षेत तुरुंगात होते, दामोदर चापेकरांच्या फाशीला तीन महिनेही उरले नव्हते. लॉकयरच्या वर्णपटांवरून हे ओळखता येणार नाही.

त्या दिवशी महाराष्ट्रभर कॅमेरे आकाशाकडे तोंड करून उभे होते. सोलापूरकडच्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्बेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आला होता, आणि तिथेच पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपल्या वेधशाळेची यंत्रे घेऊन बसले होते. वऱ्हाडातल्या तळणी स्टेशनाजवळ ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचा, म्हणजे हौशी मंडळींचा तळ होता. जॉन एव्हरशेड तेव्हा नोकरी सांभाळून हे करणारा. पुढे तोच कोडाईकनालच्या वेधशाळेचा प्रमुख झाला. मला त्या दिवसाची सगळ्यांत लाडकी व्यक्ती मात्र अ‍ॅनी माँडर. ग्रिनिचच्या वेधशाळेत ती गणक होती, लग्न झाल्यावर तेव्हाच्या नियमाने नोकरी सोडावी लागली. तळणीला तिने स्वतःच्या योजनेने केलेला एक छोटा कॅमेरा आणला: दीड इंच रुंदीचे, नऊ इंची नाभ्यंतराचे डॉलमायरचे भिंग. जेऊरच्या चाळीस फुटांपुढे हे खेळणेच. त्या खेळण्याने प्रभामंडळाचा साठ लाख मैल लांब गेलेला एक किरण पकडला. तोवर इतका लांब किरण कोणाच्याही काचेवर आला नव्हता. लांब कॅमेरा सूर्याच्या कडेचे बारीक तपशील मोठे करून दाखवतो, पण फिकट पसरलेला उजेड त्यात पातळ होतो. आखूड भिंग तोच उजेड थोड्या जागेत गोळा करते. माजघरात वहीचा कागद वरखाली करताना मला हेच दिसले होते, फक्त तेव्हा आकडे येत नव्हते. (त्याच ग्रहणाचे चलच्चित्र नेव्हिल मॅस्केलिन या जादूगाराने घेतले होते. परतीच्या प्रवासात ती फिल्मच चोरीला गेली. पुढच्याच वर्षी मुंबईत आपल्या सावेदादांनी, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, कुस्तीचे चित्रीकरण केले. तेही मुळात फोटोग्राफर.)

हौशी हा शब्द आपल्याकडे जरा हिणवायला वापरतात. हौशी नाटक, हौशी गायक. छायाचित्रणात तरी तो मानाने वापरावा लागतो. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची. गोव्याकडच्या लाड घराण्यातले डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या सभासदांतले. नारायण दाजींनी डॉक्टरकी सांभाळून फोटो काढले, आणि १८५६ ते १८५८ या काळात जॉन्सन व हेंडरसन यांनी काढलेल्या, नावातच 'अमॅच्युअर' शब्द असलेल्या अल्बममध्ये ते आले. एक वर्ष आधी, १८५५ साली, एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला होता, ज्यातून हरिश्चंद्र चिंतामण तयार झाले. म्हणजे विजयदुर्गावर लॉकयर यंत्रे मांडत होता तेव्हा आपल्या लोकांच्या हातात कॅमेरा येऊन चाळीस वर्षे उलटली होती. हा काळ आपण आपल्या शाळांत सांगत नाही आणि १८६८ ची गोष्ट सांगत राहतो, याचे मला वाईट वाटते. ती सांगणाऱ्यांत मीही होतो, म्हणून अधिकच.

गेल्या डिसेंबरात मी फणसाची पेटी घेऊन विजयदुर्गाला गेलो. खारेपाटण, तरळे, पडेल असा नेहमीचा रस्ता. ज्या मुलीने तो प्रश्न विचारला होता ती आता रत्नागिरीला नोकरी करते. तिला कळवले तर ती सुट्टी काढून आली. ओट्यांपाशी पोहोचेपर्यंत चार वाजले होते. वारा समुद्रावरून सरळ अंगावर येत होता आणि पेटी डोलत होती, म्हणून तिच्या तिकाटण्याला मध्ये आमच्या जेवणाचा डबा टांगला. भिंगाच्या फटीत मूळच्या चकत्या हरवल्या आहेत. मी काळ्या पुठ्ठ्याला भोक पाडून केलेली सरकवली, उजेड कमी व्हावा म्हणून. काळ्या कापडाखाली डोके घातले. दुधी काचेवर ओटे उलटे, वर जमीन, खाली आकाश.

"मोजते का?" मी विचारले.

"किती?"

"चार. पण घड्याळ बघून."

मी टोपण काढले. तिने मोबाइलवर सेकंदकाटा लावला होता आणि ती मोठ्याने, सावकाश मोजत होती. तीनला एक म्हातारा गुराखी काठी टेकीत चौकटीत शिरला, आमच्याकडे पाहत थांबला आणि चारला निघून गेला. रात्री तांबड्या दिव्यात कागद धुतला तेव्हा ओटे काळेभोर आले होते, मागचे आकाश पांढरे, आणि डाव्या कडेला, जिथे हे भिंग सगळे गरगरवते तिथे, काठीची एक तिरपी रेघ होती. माणूस उमटलाच नव्हता. तिने तो कागद मागून घेतला. तिच्या पुतण्याला हेलियम दिनाचे भाषण करायचे आहे, आणि त्यात तारीख कोणती घालायची ते तिने त्याला सांगितले आहे.